नणंदबाई आणि दुसरी पिशवी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा आठवडे," आणि कासरा खाटेवर ताडकन उठून बसला.

"सहा आठवडे इथं? बाई, माझ्या तीन गाई व्यायल्यात."

"अभिनंदन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आडवे व्हा."

कासरा आडवा झाला. लांबलचक, किडकिडीत, पण एकदा गाठ बसली की सुटायचं नाव नाही, असा माणूस. म्हणून सगळा गाव त्याला गुरं बांधायच्या दोराचंच नाव घेऊन हाक मारायचा. खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको डबा घेऊन उभी होती. तिला गाव वहिनी म्हणायचा. तिच्या सासऱ्याच्या वयाची माणसंसुद्धा वहिनीच म्हणायची, कारण गावातल्या निम्म्या भांडणांचा निकाल तिच्याच ओट्यावर लागायचा आणि तिथं नातं जपून बोललेलं बरं असायचं.

शेण ओढायच्या दाताळ्याचा एक गंजका दात कासऱ्याच्या उजव्या नडगीत घुसला होता. त्याला कितीतरी दिवस झाले. वरची जखम मिटली, म्हणून त्याने ती सोडून दिली. मधूनमधून ठणकायला लागली तेव्हा गाईच्या सडाला लावायचं मलम चोळलं. "गाईला गुण येतो," त्याचं म्हणणं. आत मात्र हाडच पुवाने सडत चाललं होतं. शेवटी तापाने फणफणला, तेव्हा वहिनीच्या भावाने त्याला डेअरीच्या गाडीत कॅनच्या मधोमध घालून शहरातल्या दवाखान्यात आणला. तिथं पाय उघडून हाड खरवडलं, साफ केलं, आणि आता डॉक्टरीणबाई सहा आठवड्यांची भाषा करत होत्या.

"पुरतं ऐकून तरी घ्या," त्या म्हणाल्या. "पूर्वी सहा आठवडे ठेवायचो. रोज सलाईन, रोज औषध. आता एक औषध आहे, तेही शिरेतूनच द्यायचं, पण रोज नाही. आज एक पिशवी, बरोबर आठवड्याने दुसरी. झालं. ते एकदा आत गेलं की ठाण मांडून बसतं. हाडात शिरतं आणि आठवडेच्या आठवडे काम करत राहतं. तुम्ही घरी."

वहिनीने डबा खाली ठेवला. "घरी?"

"घरी. तुमच्या पुवात जो जंतू सापडला तो या औषधाला दाद देतो, ते तपासून घेतलंय. सगळ्यांचं असं जमत नाही, तुमचं जमतंय."

कासऱ्याचे डोळे चमकले. "म्हणजे गाईला ते लांब टिकणारं इंजेक्शन देतात, मग तिचं दूध टाकावं लागतं, तसलंच की हे."

"अगदी तसलंच."

"मग दूध किती दिवस टाकायचं?"

वॉर्डातले सगळे हसले. शेजारच्या खाटेवरचा मोडक्या कमरेचा म्हातारा हसता हसता विव्हळला.

"तुम्ही दूध देता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग टाकू नका." आणि त्यांनी बोट उगारलं. "आता हसणं बंद आणि नीट ऐका. पहिल्या पिशवीने जंतू अर्धमेले होतील. दुसरी चुकवलीत तर ते पुन्हा उठून बसतील. आणि परत हाडात पू झाला तर मी खरवडत बसणार नाही. कापावं लागेल. पाय."

वहिनीने चादरीवरून तो पाय चाचपून बघितला. कासऱ्याने मात्र मान डोलावली. त्याचं लक्ष वर टांगलेल्या पिशवीकडे होतं.

"एवढीशीच?" तो सिस्टरला म्हणाला. "आमच्या वासराला याहून मोठी बाटली लावतात."

"वासरू कमी बोलत असेल," सिस्टर म्हणाली आणि सुई टोचली.

चहा प्यायला जावं आणि गप्पा मारून यावं, तेवढ्या वेळात पिशवी रिकामी झाली. कासऱ्याला ते पटेचना. त्याने म्हाताऱ्याला दाखवली, समोरच्या खाटेवरच्याला दाखवली, सफाईवालीला दाखवली. "बघा, सहा आठवडे होते यात. गटकन गेले."

*

घरी सगळे वाट बघत होते, पण सगळ्यांत जास्त वाट बघत होती नणंद.

ही नणंद म्हणजे तांबडी गाय. वहिनीला खरी नणंद नव्हतीच. गाय दावणीला आली त्याच आठवड्यात तिने ओळखलं की ही जागा भरली. तांबडी कासऱ्याशिवाय कुणाला हातच लावू द्यायची नाही. वैरण वहिनीची, पाणी वहिनीचं, शेण वहिनीने काढायचं, आणि पान्हा सोडायचा तो भावाला बघून. घरच्या दुधातलं निम्मं एकट्या तिचं.

कासरा दवाखान्यात होता तेव्हा वहिनीने त्याचा सदरा घातला, टोपी चढवली, आवाज जाड करून "हां, हां, बाय माझी," असं म्हणत खाली बसली. गाईने सदरा हुंगला, टोपी हुंगली, आणि शेपटी उचलून दोन्हींवर आपलं मत दिलं. वासरू कितीसं पिणार, एवढ्याने कास कुठली रिकामी होते? एका बाजूने ती गरम व्हायला लागली होती.

तर कासरा काठी टेकत गोठ्याच्या दारात आला मात्र, नणंदेने असा हंबरडा फोडला की शेजारची भिंतीवरून डोकावली. त्याने उपडी बादली ओढली, दुखरा पाय तिच्यावर लांब केला आणि पाटावर बसला. खाली भांडं लावायच्या आतच धारा सुटल्या.

"लाज नाही मेलीला," वहिनी म्हणाली, पण तिचा ऊर भरून आला होता. सगळं परत जागेवर आलं होतं. नवरा, गाय, धारांचा आवाज.

कासऱ्याची आई, म्हणजे घरची म्हातारी, एवढ्यात घाईघाईने बाहेर आली. तिच्या हातात लाल चिंधी होती.

"औषध दिलंय ना याला?"

"दिलंय. आता आठवडेच्या आठवडे आत राहणार," वहिनी म्हणाली.

"मग चिंधी नको का?" म्हातारी म्हणाली.

गावात हा नियमच होता. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी औषध दिलेल्या गाईचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतलं आणि अख्खा टँकर शहरातून परत आला होता. तेव्हापासून ज्या जनावराला औषध दिलं, त्याच्या मागच्या पायाला लाल चिंधी. ती सुटेपर्यंत दूध वेगळं. म्हातारीच्या हाताला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की, मांजराला जंताचं औषध दिलं तेव्हा तिने मांजरालाही चिंधी बांधली होती. कासऱ्याला मागचे पाय नव्हते. म्हणून होते त्यांतल्या चांगल्या पायाला तिने पोटरीवर गच्च गाठ मारली.

"अहो, सोडा ते, लोक हसतील," वहिनी म्हणाली.

"असू दे की," कासरा म्हणाला. त्याला ती आवडली होती. पदक मिळाल्यासारखा तो पायाकडे बघत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅनबरोबर स्वतः डेअरीवर गेला. वहिनीचा भाऊ, गावचा भावड्या, डेअरीची गाडी चालवायचा. त्याने दाजींना उचलून रांगेत उभं केलं. आणि कासऱ्याने काय करावं? पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि दवाखान्याची कहाणी सुरू केली. "हे बघा, सहा आठवड्यांचं औषध एका पिशवीत. आता माझ्या हाडात ते राहायलाच आलंय. भाडेकरू. जंतू दिसला की हाणलाच."

रांग रंगून गेली. कुणी चिंधीला हात लावून बघितला. कुणी विचारलं, रात्री पाय चमकतो का.

डेअरीचा सेक्रेटरी मापाच्या टेबलामागे बसला होता. बुटका, गोल, पांढरा ॲप्रन, छातीपर्यंत बांधलेला. टँकर परत आला त्या दिवशी शहरातल्या साहेबाने त्याची सगळ्यांसमोर अशी हजेरी घेतली होती की त्याने स्वतः घरी दूध पिणंच सोडलं. त्याने कासऱ्याचा पाय बघितला आणि त्याचा हात मापावरच थांबला.

"चिंधी कशाची?"

"औषध दिलंय."

"कुणाला?"

"मला."

"किती दिवस टिकतं?"

"आठवडेच्या आठवडे," कासरा अभिमानाने म्हणाला.

सेक्रेटरीने कॅनचं झाकण लावून टाकलं. "हे दूध घेता येणार नाही."

"अहो, औषध मला दिलंय. गाईला नाही."

"धार कुणी काढली?"

"मी."

"हात कुणाचा?"

"माझाच. उसना आणू का?"

"त्या हातात औषध आहे की नाही? अंगभर आहे ना? तुम्हीच म्हणालात, आठवडेच्या आठवडे. घाम येतो की नाही तुम्हाला?"

रांगेतल्यांनी आपापले हात बघितले. लोक विचार करायला लागले, आणि तिथंच घात झाला.

"पट्टीने तपासा ना," भावड्या म्हणाला. औषध आहे का ते बघायच्या पट्ट्या डेअरीत असतात. सेक्रेटरीने दुधात पट्टी बुडवली. पट्टी स्वच्छ.

"बघा."

"ही पट्टी गाईच्या औषधाची आहे," सेक्रेटरी म्हणाला. "माणसाच्या औषधाचं तिला काय कळणार?"

"मग माणसालाच तपासा," मागून कुणीतरी म्हणालं. कासऱ्याने लगेच बोट पुढे केलं. सेक्रेटरीने खरोखर त्याचं बोट पाण्यात बुडवून घेतलं आणि त्या पाण्यात पट्टी घातली. सगळे वाकून बघत होते. पट्टी थोडी मळकट झाली.

"मळ आहे तो," कासरा म्हणाला.

"मळ आहे की काय आहे, हे कोण सांगणार? मी टँकर परत आणणार नाही. वहिनींनी काढलेलं दूध आणा, घेतो. तुमच्या हाताचं नाही. चिंधी ती चिंधी."

भावड्याने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "गाईला दिलं असतं तर सांगितलं असतं. दाजी माझ्या खात्यात येत नाहीत."

*

वहिनी दुसऱ्या दोन्ही गाईंची धार काढून डेअरीत पाठवायला लागली. नणंदेचं दूध घरातच. वासरू पिऊन पिऊन ढोलासारखं झालं आणि पातळ हगायला लागलं. म्हातारीने लोणी काढलं, शेजारणींना वाटलं, मांजराला पाजलं. मांजराला पायऱ्या चढवेनात.

आणि कासऱ्याचा चेहरा दिवसेंदिवस लांब होत गेला. चहाच्या टपरीवर पोरं त्याच्यापासून हातभर लांब बसायची आणि विचारायची, "काका, शिवलं तर सर्दी जाते का?" एकाने खरंच आपला खोकणारा आजा आणून त्याच्या शेजारी बसवला. गाईंमध्ये उभं आयुष्य घालवलेला माणूस, त्याच्या हाताचं दूध कुणी घेईना. पाय कापतील म्हटल्यावर जो डगमगला नाही, तो यात खचला.

दुसऱ्या पिशवीचा दिवस उद्यावर आला, तेव्हा तो वैरण सारता सारता सहज म्हणाला, "मी काय म्हणतो. पाय आता बरा आहे."

वहिनीचा हात पेंडीत थांबला. "मग?"

"मग काय. आणखी एक पिशवी घेतली की ही चिंधी आणखी लांबली. दुधाचे दिवस हेच. एवढे जाऊ देत, मग घेऊ की. औषध कुठं पळून जातंय?" आणि पाय किती बरा आहे ते दाखवायला त्याने तो जमिनीवर आपटला. ओठ गच्च मिटले. आवाज नाही आला, पण डोळ्यांत पाणी आलं.

"वैरणीची धूळ गेली," तो म्हणाला.

वहिनी उठली. दावणीच्या टोकाला कबरी बांधली होती, तिच्याजवळ गेली. "अहो, इकडे या. हिचा हा सड कशाने गेला?"

कासरा वैरण सारत राहिला.

"दगडी झाली होती, कास सुजून दगडासारखी. डॉक्टरने सडात सोडायच्या औषधाच्या नळ्या दिल्या होत्या. सूज उतरली म्हणून तुम्ही उरलेल्या फळीवर ठेवून दिल्यात. गाय बरी आहे, म्हणालात. पुढच्या महिन्यात पुन्हा सुजली आणि सड कायमचा कोरडा. माझ्या हाताला आजसुद्धा तिथं गाठ लागते."

"गाईचं वेगळं असतं."

"वेगळंच असतं. तीन सडांची गाय चालते. एका पायाचा माणूस गोठ्यात उभा कसा राहणार ते मला दाखवा."

म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "सूनबाई बरोबर बोलतेय. आणि ती चिंधी मी बांधली, मीच सोडते. आण पाय."

"नको," कासरा म्हणाला. "सोडलीस तर सेक्रेटरी म्हणेल लबाडी केली." मग तो हळूच म्हणाला, आणि तेव्हा कुठं खरी गोष्ट बाहेर आली. "शहरात जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. नणंदेची धार कोण काढणार? मागच्या वेळी एक बाजू गरम झाली होती. तिचीही कास गेली तर? माझा पाय राहील आणि गाय जाईल."

वहिनीने पदर खोचला. तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते बघून म्हातारी आत निघून गेली.

"मग तीही येईल," वहिनी म्हणाली.

*

सकाळी डेअरीच्या गाडीला फळी लागली आणि नणंदबाई कॅनच्या शेजारी चढल्या. सेक्रेटरी पुढच्या सीटवरून उतरून धावत मागे आला.

"गाडीत गाय? डेअरीच्या गाडीत?"

"दूधच आहे की," भावड्या म्हणाला. "पॅकिंग वेगळं."

"मी परवानगी देणार नाही."

"मग तुम्ही इथंच थांबा, कॅन मी एकटाच नेतो," भावड्या म्हणाला. सेक्रेटरी एकाही कॅनला एकटं सोडायचा नाही, टँकरच्या दिवसापासून शहरापर्यंत बरोबर यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तो गप्प पुढे जाऊन बसला. गाडी निघाली. नणंदेने मान लांब करून मागच्या खिडकीतून त्याचा कान चाटायला सुरुवात केली आणि शहर येईपर्यंत थांबली नाही. मागे वहिनी एका हाताने गाय, एका हाताने नवरा धरून उभी होती. वारं तोंडावर येत होतं. लग्नानंतर एवढी मजा आपल्याला कधी आली होती, ते तिला आठवेना.

कॅन उतरवून गाडी दवाखान्यावर आली. 'येथे वाहने लावू नयेत' अशी लोखंडी पाटी होती. वहिनीने नणंदेला त्या पाटीला बांधलं.

"पाटी वाचता येते का?" वॉचमनने विचारलं.

"येते. हे वाहन नाही."

कासऱ्याला आत खुर्चीत बसवलं, सुई लागली, पिशवी चढली. सेक्रेटरीही आत आला होता. हे औषध असतं तरी कसं, ते त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तो भिंतीला पाठ लावून, ॲप्रन सावरत, पिशवीकडे टक लावून बघत उभा राहिला.

पिशवी पाव झाली असेल नसेल, बाहेर हंबरडा. मग दुसरा. मग लोखंड फरशीवरून ओढल्याचा आवाज.

"बसून राहा," सिस्टर म्हणाली.

"बसलोय," कासरा म्हणाला आणि न राहवून तिथूनच हाक मारली, "हां, हां, बाय माझी, आलो."

ही हाक मारायला नको होती. पाटी मागे फरपटत, खुरं घसरवत नणंद दवाखान्याच्या व्हरांड्यात शिरली आणि दारात येऊन उभी राहिली. वॉर्डातले, ज्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, ते उठून बसले. आणि भाऊ समोर दिसताच तिने तिथल्या तिथं पान्हा सोडला. पांढऱ्या धारा फरशीवर.

वहिनीची बादली गाडीत राहिली होती. तिने कपाटावरचं पहिलं दिसलं ते भांडं ओढलं आणि खाली लावलं. सिस्टर पुढे कितीतरी दिवस शपथेवर सांगायची, की तो बेडपॅन कोरा होता, त्याच दिवशी खोक्यातून काढला होता.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी गाय बघितली, भांडं बघितलं, कासऱ्याचा सुईचा हात बघितला. "बाहेर," त्या म्हणाल्या. "गाय आधी, मग ते. सुई निघता कामा नये. पूर्ण पिशवी गेलीच पाहिजे." मग पांढऱ्या ॲप्रनवर त्यांची नजर गेली. "अहो, तुम्ही बघत काय उभे आहात? पिशवी धरा. खांद्याच्या वर. आणखी वर."

"मी?" सेक्रेटरी म्हणाला. "मी दूध..."

"वर."

सेक्रेटरीने पिशवी वर धरली. अशी मिरवणूक त्या दवाखान्यातून पूर्वी निघाली नसेल. पुढे पाटी ओढणारी गाय, तिच्या खाली वाकून बेडपॅन सांभाळत चालणारी वहिनी, मागे सिस्टरच्या खांद्यावर भार टाकून उड्या मारत कासरा, आणि त्याच्यामागे टाचा उंचावून, पिशवी आभाळाला लावायला निघाल्यासारखा सेक्रेटरी. खिडक्या खिडक्यांतून माणसं.

झाडाखाली खुर्ची आली. भावड्याने बादली आणली. कासऱ्याने सुईचा हात उशीवर ठेवला आणि गाईच्या पाठीवर दुसरा. "तूच काढ," तो वहिनीला म्हणाला. वहिनीने जपून सडाला हात घातला. नणंदेने मान वळवून बघितलं. भाऊ जवळ होता, बोलत होता. तिने एक उसासा टाकला आणि चालू दिलं. धार न तोडता वहिनी हसायला लागली. सदरा घातला, टोपी चढवली, आवाज जाड केला, आणि बाईसाहेबांना फक्त शेजारी बसून कुणी गप्पा मारायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "गाय कशासाठी आणलीत, ते तरी सांगाल का?"

सगळे एकदम बोलायला लागले. चिंधी, टँकर, घाम, पट्टी, बोट. बाईंना अर्धं कळलं, पण तेवढं पुरलं.

सेक्रेटरीने घसा साफ केला. हात वरच होता. "बाई, मी जबाबदार माणूस आहे. सरळ विचारतो. हे औषध यांच्या हातातून दुधात उतरतं का?"

"उतरलं असतं तर मी सुई कशाला टोचली असती? सगळ्या वॉर्डाला यांचा हात धरून बसवलं नसतं का?"

सेक्रेटरीने विचार केला. "आणि घाम?"

"घामात एवढं औषध उतरत असतं तर मी यांचाच घाम पिळून पिशवी पुन्हा भरली असती. साबणाने हात धुवा, जखम झाकलेली ठेवा, आणि काढा धारा. आणि ते काय बांधलंय पायाला? रक्त अडेल की त्याने."

सेक्रेटरीने त्या चिंधीकडे बघितलं. मग एका हाताने पिशवी उंच धरून, दुसरा हात खाली नेत, एका पायावर डुगडुगत त्याने ती गाठ स्वतः सोडली. म्हातारीची गाठ होती, वेळ लागला. "उद्यापासून तुमचं दूध घेतो," तो कासऱ्याला म्हणाला. "हे आजचं नाही. भांडं नियमात बसत नाही."

"कबूल," कासरा म्हणाला.

थेंब थेंब करत पिशवी चपटी झाली. शेवटचा थेंब नळीतून खाली उतरेपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघत होते. भावड्यासुद्धा. सिस्टरने सुई काढली, कापूस दाबला. सेक्रेटरीचा हात मात्र खाली येईना, आखडून तसाच राहिला होता. तो भावड्याने वंगण दिल्यासारखा चोळून चोळून खाली आणला.

"आता बरा झाला का पाय?" वहिनीने विचारलं.

"आता औषध आपलं काम करेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाड सावकाश भरतं. मी आज काही सांगू शकत नाही. तीन महिन्यांनी या, फोटो काढू. तोपर्यंत काठी सोडायची नाही. ताप आला, पाय लाल झाला, की लगेच या. गाय घरी ठेवा."

*

ते तीन महिने वहिनीला मोठे गेले. दूध जात होतं, कासरा हात धुऊन धुऊन साबण संपवत होता, सेक्रेटरी रोज त्याची नखं बघायचा आणि मगच माप घ्यायचा. तिला त्याचं काही नव्हतं. ती रोज सकाळी नवरा झोपेत असताना त्याच्या नडगीवर हाताचा मागचा भाग ठेवून बघायची, कास बघतात तशी. गरम लागतेय का? कधी वाटायचं, लागतेय. मग दुसऱ्या पायाला हात लावायची. तोही तेवढाच. एकदा दोन्ही पाय गरम लागले तेव्हा ती घाबरून उठली, तर पायाशी मांजर झोपलं होतं.

कासरा काठी घेऊन चालायचा. पाय पूर्ण टेकायला तो घाबरतो, हे ती बघत होती. दुखतं म्हणून की दुखेल म्हणून, हे तिला कळत नव्हतं, आणि त्यालाही कळत नसावं. विचारलं तर म्हणायचा, "डॉक्टरीणबाई फोटोत बघतील. मी कशाला बघू?"

फोटोच्या दिवशी गाडी डेअरीसमोर तयार उभी होती. कॅन चढले. वहिनी मागे कॅनवर पदर अंथरून बसली. सेक्रेटरी पुढे घड्याळ बघत होता. कासरा आलाच नव्हता. नणंदेला निरोप द्यायला म्हणून गोठ्यात गेला होता, आणि तिचा निरोप कधी आटोपशीर झालाय?

"मी थांबणार नाही," सेक्रेटरी म्हणाला. "दूध नासेल. चल रे."

भावड्याने गाडी सुरू केली. आवाज ऐकून कासरा कोपऱ्यावरून बाहेर आला. एका हाताने सदऱ्याची बटणं लावत, दुसरा हात हलवत. "अरे, थांब. थांब की लेका."

गाडीने वेग घेतला. आणि कासरा धावला.

वहिनीने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे. हातात काही नव्हतं. काठी मागे गोठ्याच्या दाराशी आडवी पडली होती. लांब लांब टांगा टाकत तो येत होता, धूळ उडवत, भावड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. डावा पाय, उजवा पाय. तो दुखरा उजवा तर आधीच्यासारखाच जोरात आपटत होता. तोंड वाकडं होत नव्हतं. त्याचं लक्षच नव्हतं पायाकडे. त्याला फक्त गाडी दिसत होती.

भावड्याने आरशात बघितलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. "ताई, दाजी आले बघ. थांबवतो."

वहिनीने मागच्या खिडकीतून हात घालून त्याचा खांदा दाबला. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांपुढचा रस्ताही पुसट झाला होता.

"थांबवू नको," ती म्हणाली. "आणखी थोडं पळू दे त्यांना."